बुलेटचे जुने पार्ट ऑनलाइन घेताय? माझे २०,६५० रुपये गेले, ते वाचा

आकडा आधीच सांगतो. टोकन २,५००, मग उरलेले १४,३००, आणि वर ‘ट्रान्सपोर्टचा विमा, माल पोचला की परत’ म्हणून ३,८५०. एकूण २०,६५० रुपये. हे पैसे मोजले ते कास्ट आयर्न बुलेट ३५० चा स्टँडर्ड (अजून बोअर न केलेला) सिलिंडर ब्लॉक, पिस्टन आणि क्रँक असेंब्लीसाठी. हातात एक नटसुद्धा पडला नाही. लिहितानाही लाज वाटते, पण गप्प बसलो तर तो विकणारा भामटा उद्या तुमच्यापैकी कुणाला तरी गाठणार.

मी या कामात नवखा नाही. वडिलांची गाडी वर्षानुवर्षं मीच घरी खोलतो, जोडतो. इंजिन गार असताना टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावायचे, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप फिलर गेज घालून ०.३५ ते ०.४० मिमी. हे सगळं हाताला बसलेलं आहे. पण आमचा ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइझपर्यंत बोअर झालेला, म्हणजे आता आणखी मोठा करता न येणारा, आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) वाजायला लागलेला. हे इंजिन कंपनीने बंद करून जमाना झाला, बाजारात डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे. अशा वेळी ‘बंद पडलेल्या डीलरच्या गोदामातला सीलबंद माल’ असं कुणी म्हटलं की जीव अडकतोच.

आणि फोनवर बोलणारा हा विक्रेता जाणकार होता. “दादा, रॉड बुशवाला आहे की बेअरिंगवाला?” हा त्याचा पहिला प्रश्न. ठिणगीचं टायमिंग पिस्टन टॉपला पोचण्याआधी ०.८ मिमी ठेवा, हेही त्यानेच सांगितलं, आणि ते बरोबर आहे. असं बोलणाऱ्याला भामटा कोण समजेल? माहिती काय, कुणालाही पाठ करता येते. यापुढे कुणाच्या ज्ञानावरून त्याची नियत ठरवू नका.

जीव जळतो तो फोटोंवरून. माझं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ब्लॉकवर ठेवून फोटो पाठव, असं मी मागितलं होतं. त्याने पाठवला. मी बोटांनी फोटो मोठा करून बोअरच्या भिंतीवर ओरखडे आहेत का ते बघत बसलो. पैसे गेल्यावर त्याचा आधीचा फोटो आणि हा चिठ्ठीवाला, दोन्ही शेजारी शेजारी लावले. पहिल्या फोटोतल्या ब्लॉकच्या सगळ्या फिन (थंड होण्यासाठीच्या बाहेरच्या पट्ट्या) अखंड, चिठ्ठीवाल्या फोटोत खालून दुसऱ्या फिनचा कोपरा उडालेला. म्हणजे ब्लॉकच वेगळा! शिवाय चिठ्ठीची सावली कुठेच पडलेली नाही, ती नंतर चिकटवलेली. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. खातं दुसऱ्याच्या नावावर निघालं तेव्हा “मेव्हण्याचं आहे” म्हणाला. व्हिडिओ कॉलला कायम नेटवर्क नाही. फोनवर इंजिनाबद्दल भरभरून बोलणाऱ्याला व्हिडिओपुरतं नेटवर्क नसेल, तर तिथेच व्यवहार तोडा.

शेवटी ‘रिफंडसाठी’ क्यूआर कोड पाठवला. तो मात्र मी स्कॅन केला नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

मग सुरू झाली खरी फरफट. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “गाडी चोरीला गेली का? नाही ना? मग पार्टसाठी कशाला आलात?” दुसरा, “पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” अहो, फसवणुकीत पैसे माणूस स्वतःच देतो, म्हणून तर तिला फसवणूक म्हणतात! समोरचा परराज्यातला, म्हणून आमची हद्द नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती घ्यावी लागते, हे सांगितलं तर “कायदा शिकवू नका”. सायबर शाखेत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे, एफआयआरची प्रत आणा. ठाण्यात म्हणाले, आधी बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. रजा काढून मी या खिडकीवरून त्या खिडकीवर, आणि तेवढ्या वेळात त्या भामट्याचं खातं रिकामं. ज्यांच्या हातात ते खातं गोठवणं होतं, त्यांना घाई नव्हती. वीस हजार म्हणजे यांना किरकोळ वाटतात. माझ्या घरात ते किरकोळ नाहीत.

म्हणून पैसे गेल्याचं कळताच ठाण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका, व्यवहाराचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) जवळ ठेवा. चॅट पुसू नका. समोरचा स्वतःचे मेसेज पुसतो, त्याआधी स्क्रीनशॉट काढा.

आणि ब्लॉक संपला म्हणून हवालदिल होऊ नका. चांगल्या लेथवाल्याकडून स्लीव्ह (बोअरच्या आत नवं अस्तर) बसवून घेता येते, पुन्हा स्टँडर्ड पिस्टन चालतो. मीही आता तेच करतोय.

चिठ्ठीवाला तो फोटो आता दुसऱ्या नावाने फिरतोय, किंमत १५,००० लावलीय. खालून दुसरी फिन बघा. कोपरा उडालेला दिसला तर रुपयाही पाठवू नका.