सोयाचं काय आणावं? वडी, टोफू, टेम्पे की शेंगा

लातूर-वाशिमकडे पावसाळ्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन असतं. त्यातलं बहुतेक तेलाला जातं, उरलेली पेंड जनावरांना नि कोंबड्यांना. ताटात येते ती सोया वडी, तीही ‘प्रोटीन असतं, खा’ असा दम देऊन. औषधासारखं खाल्लं की काहीही बेचव लागणार. म्हणून इथे निकष एकच: खायला मजा येते का?

वडी सगळ्यांत सोपी. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते, स्वस्त पडते आणि डब्यात महिनोन्‌महिने टिकते. पाकिटावरचे ‘१०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रथिनं’ कोरड्या वडीचे असतात. भिजल्यावर तिचं वजन तिपटीच्या आसपास जातं, म्हणजे ताटातला हिशेब पनीरच्या जवळपासच येतो. तिला स्वतःची अशी चव नाही, उग्र वास मात्र आहे. मिठाच्या पाण्यात उकळा, दोनदा धुवा, घट्ट पिळा आणि मगच कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाका. रस्सा झणझणीत हवा. मटणाची आठवण काढत खाल्लीत तर हिरमोड ठरलेला. सोयाच्या चुऱ्याचा खिमा मात्र पावाबरोबर झकास लागतो. मला तो वडीहून उजवा वाटतो.

टोफू म्हणजे सोयाचं दूध साकळवून केलेला लादा. त्यावर आपल्याकडे सरसकट अन्याय होतो, कारण तो पनीरच्या जागी घातला जातो. पालकच्या भाजीत दुधाचा स्निग्धपणा हवा असतो, तो टोफूकडे नाही. घट्ट टोफू वजनाखाली दाबून पाणी काढा, कॉर्नफ्लोअर लावून तळा आणि आलं-लसूण-सोया सॉसमध्ये परता; मग बघा. एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवून वितळवला, तर तो स्पंजासारखा जाळीदार होतो आणि रस जास्त पितो. रेशमी, म्हणजे अगदी मऊ टोफूची गोष्टच वेगळी. जपानमध्ये तो थंडगार, वर किसलेलं आलं आणि सॉस घालून खातात. चीनमधल्या सिचुआनच्या मापो टोफूत तो तिखट तेलात थरथरत असतो. पाकीट घेताना घट्ट की रेशमी हे वाचून घ्या. गहू वर्ज्य असेल तर सॉसही तपासा, साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो.

खरी चैन टेम्पेत आहे. हा जावा बेटावरचा पदार्थ. शिजवलेल्या सोलीव दाण्यांवर रायझोपस बुरशी लावून दीड-दोन दिवस उबेत ठेवतात. पांढऱ्या तंतूंनी दाणे एकमेकांना धरतात आणि वडी तयार होते. पूर्वापार ती केळीच्या पानात बांधतात. पातळ काप करून मीठ-धणे-लसणाच्या पाण्यात बुडवा आणि कुरकुरीत तळा. अळंबीसारखी, किंचित शेंगदाण्याकडे झुकणारी चव. इथे नकली काहीच नाही, दाणा दाण्यासारखाच लागतो. अडचण किमतीची आणि मिळण्याची: बहुधा मोठ्या शहरात किंवा ऑनलाइन, गोठवलेला. थोडे काळे डाग चालतात. अमोनियाचा वास आला तर फेकून द्या.

धाडसी मंडळींसाठी जपानचा नट्टो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन: तारा सुटणारा, वासाला उग्र. सुरुवातीलाच तो आणू नका. त्यापेक्षा नागालँडची अखुनी घ्या. तीही आंबवलेल्या सोयाचीच, पण मिरचीबरोबर चटणीत वाटली की तिचा वास स्वयंपाकाला खमंगपणा देतो. दिल्लीच्या हुमायूनपूरमध्ये ईशान्येकडच्या सामानाची दुकानं आहेत. रक्त पातळ करण्याची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर नट्टो टाळा, त्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं.

एडामामे म्हणजे हिरव्या, कोवळ्या सोयाशेंगा. खारट पाण्यात उकळायच्या आणि दातांनी दाणे ओढून खायच्या. गोठवलेल्या महाग पडतात. गावाकडे शेत असेल तर दाणे भरल्यावर, पण पानं पिवळी पडण्याआधी, मूठभर शेंगा उकळून बघा. दाणा लहान, पण गोडवा तोच. नुकती फवारणी झालेली नको, आणि कच्च्या तर मुळीच नकोत.

भेट द्यायची असेल तर जपानच्या बंदाई कंपनीने काढलेली एडामामेची किल्लीसाखळी शोधा. शेंग दाबली की दाणा बाहेर डोकावतो आणि सोडली की परत आत. खाणाऱ्याला मात्र टेम्पेच द्या, सोबत कसा तळायचा ते चिठ्ठीवर लिहून.