फिरती आरामशीन शेतात बोलावली आणि सागाचे पाच ओंडके गमावले

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची साडेचार एकर शेती आहे. आजोबांनी १९८७ साली बांधावर साग लावला होता. गावातलं आमचं जुनं घर मातीच्या धाब्याचं. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याची मागची भिंत बसली, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं की आता मळ्यातच राहायचं. दगडी जोत्यावर दोन खोल्या, सागाचे खांब, सागाच्याच फळ्यांच्या भिंती, वर पत्रा. आपल्या वडिलांनी लावलेल्या झाडांच्या घरात शेवटचे दिवस काढायचे, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून ही लाकडं माझ्यासाठी नुसता माल नव्हता. हे सगळं लिहितोय ते त्यासाठीच.

परवानगीचं काम मी नीट केलं होतं. मालकीच्या शेतातला साग असला तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते. सातबाऱ्यावर झाडांची नोंद होती, अर्ज केला, पाहणी झाली, परवानगी हातात आली. जानेवारीत अठरा झाडं तोडली. प्रत्येकाचे दहा-दहा फुटांचे दोन ओंडके निघाले, एकूण छत्तीस. ते गावाबाहेर न्यायचे तर वाहतूक पास, ट्रॅक्टरचं भाडं, गिरणीवर नंबर लावणं, सगळंच आलं. अशात एका ओळखीच्याने सांगितलं की एक जण ट्रॉलीवर बसवलेली आरामशीन घेऊन फिरतो, शेतात येऊन फळ्या पाडून देतो.

मशीन चांगलीच होती, यात शंका नाही. ओंडका लोखंडी रुळांच्या मध्ये आडवा ठेवायचा, दोन बाजूंनी आवळायचा, आणि आडव्या पट्ट्याची करवत इंजिनासकट त्याच्यावरून ढकलत न्यायची. पट्टा पातळ असतो, त्यामुळे एका कापाला दोन-तीन मिलिमीटरच लाकूड भुशात जातं. साखळी करवतीने फळ्या पाडल्या तर आठ-नऊ मिलिमीटर जातं. त्याने हे सांगितलं ते खरंच आहे. अडाणी माणसाने फसवलं असतं तर लवकर कळलं असतं. याला कामाची खरोखर माहिती होती, म्हणून त्याचं पुढचं बोलणंही मी खरं धरत गेलो.

भाव ठरला घनफुटाला ११० रुपये. घनफूट कशाचा, ओंडक्याचा की पडलेल्या फळ्यांचा, हे मी विचारलं नाही. "भाऊ, सगळीकडे ओंडक्यावरच असतं," तो म्हणाला. ते पुष्कळ ठिकाणी असतंही. पण ओंडका कसा मोजणार, हा प्रश्न त्या वेळी माझ्या डोक्यात आलाच नाही.

पहिल्या दिवशी सकाळी मोजणी झाली. प्रत्येक ओंडक्याला खडूने नंबर टाकला. तो टेप गुंडाळायचा आणि दुसरं टोक मला धरायला द्यायचा. मी स्वतः टेप धरून उभा होतो, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. टेप दरवेळी बुंध्याकडच्या जाड टोकाला लागत होती. साग मुळाशी फुगलेला असतो, तिथला घेर मधल्या घेरापेक्षा चार-सहा इंच सहज जास्त भरतो. त्याने मोबाइलवर हिशोब केला, वहीत आकडे लिहिले. त्या पानाचा, आणि पुढे शेवटच्या हिशोबाच्या पानाचाही, मी फोटो काढून ठेवला. पुढे तेच फोटो कामाला आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी करवत थांबली. पट्टा उतरवून मला दाखवला, तीन-चार दात गेलेले. "तुमच्या झाडात खिळा होता," म्हणाला आणि ओंडक्यातलं भोक दाखवून हातात एक वाकडा खिळा ठेवला. बांधावरच्या झाडांना आम्ही तार बांधायचो, खिळे ठोकायचो, त्यामुळे मी लगेच मान्य केलं. चौथ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. एका पट्ट्याचे २,२०० प्रमाणे दोन पट्ट्यांचे ४,४०० माझ्या नावावर लागले.

भोक असलेली फळी मी बाजूला ठेवली होती. नंतर आमच्याकडचे म्हातारे सुतार मिस्त्री आले, त्यांनी ती उन्हात धरली, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ खिया जुना नही शे." म्हणजे हा खिळा जुना नाही. सागात लोखंड वर्षानुवर्षं राहिलं तर लाकडातला तुरट रस आणि लोखंड मिळून भोकाभोवती निळसर काळा डाग पडतो, आणि तो रेषांच्या दिशेने वर-खाली लांब ओघळतो. या भोकाची कड ताज्या कापासारखी पिवळी स्वच्छ होती. खिळा नंतर ठोकून काढला होता. तुमच्या लाकडात खिळा निघाला असं कोणी सांगितलं तर खिळ्याकडे नाही, भोकाच्या कडेकडे बघा.

आणि पट्टा तरी मुळात खिळ्याने गेला होता का? मला आता वाटतं की धार आधीच बसली होती. बोथट पट्टा लाकडात सरळ जात नाही, वर-खाली पोहतो. दुसऱ्या दिवसापासूनच फळ्या लाटेसारख्या निघत होत्या. एक इंचाची म्हणून पाडलेली फळी एका टोकाला सव्वा इंच आणि दुसऱ्या टोकाला सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. रंधा मारताना हे सगळं लाकूड वाया जातं. मी बोललो तेव्हा त्याने साग ओला आहे, असं होतंच, म्हणून वेळ मारून नेली.

आता खरी गोष्ट. शेवटच्या दिवशी हिशोबाला बसलो तेव्हा त्याने स्वतःच सुचवलं, "दादा, रोख कशाला देता? पाच ओंडके मला द्या, कापणीत वळते करू." माझ्याकडे त्या आठवड्यात रोख कमी होती, कापसाचे पैसे यायचे होते, हे त्याला चार दिवसांत कळलेलं होतं. पाच ओंडके त्यानेच निवडले, सगळे बुंध्याकडचे, सरळ, बिनगाठीचे. त्यांची नव्याने मोजणी केली, आणि या वेळी टेप शेंड्याकडच्या बारीक टोकाला लावली. दर लावला घनफुटाला १,१००.

त्याचा हिशोब असा झाला. कापलेले एकतीस ओंडके २७० घनफूट, ११० ने २९,७०० रुपये. घेतलेले पाच ओंडके २८ घनफूट, १,१०० ने ३०,८००. म्हणजे त्यानेच मला ११०० द्यायचे, पण पट्ट्यांचे ४,४०० वजा, म्हणून उलट माझ्याकडून ३,३०० घेतले. मी दिले, वर चहा पाजला. संध्याकाळी त्याची ट्रॉली आणि मागून आलेला एक ट्रॅक्टर शिवारातून निघून गेले.

आठ दिवसांनी माझी पुतणी सुट्टीला आली. बारावी सायन्सला आहे. फोनमधली वहीची दोन्ही पानं बघता बघता तिने विचारलं, "काका, सात नंबरचा ओंडका दोनदा का आहे? एकदा ११.६९ घनफूट आणि एकदा ५.६२?"

त्या एका प्रश्नातून सगळं उलगडलं. ते इथे सविस्तर मांडतो, कारण हेच प्रत्येकाला कळायला हवं.

गोल लाकूड मोजण्याची आपल्याकडची चालत आलेली पद्धत पाव घेराची आहे. ओंडक्याच्या मधोमध घेर इंचात घ्यायचा, चारने भागायचा, त्याचा वर्ग करायचा, फुटातल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. सात नंबरचा मधला घेर अंदाजे ४० इंच. चौथाई १०, वर्ग १००, लांबी १०, म्हणजे १००० भागिले १४४, ६.९४ घनफूट. या पद्धतीत भरीव गोलापेक्षा कमी भरतं, कारण कापताना कडेचं लाकूड वाया जातं हे त्यात धरलेलं आहे. पूर्ण वर्तुळाचं क्षेत्रफळ धरून मोजलं तर तेच लाकूड सुमारे २७ टक्के जास्त दिसतं.

त्याने कापणीसाठी पूर्ण वर्तुळ धरलं, तेही बुंध्याचा ४६ इंच घेर घेऊन. ४६ चा वर्ग २११६, भागिले १२.५७, गुणिले १०, भागिले १४४. उत्तर ११.६९. विकत घेताना मात्र पाव घेर धरला, तोही शेंड्याचा ३६ इंच. ९ चा वर्ग ८१, गुणिले १०, भागिले १४४. उत्तर ५.६२. एकच ओंडका, एकच टेप, पैसे घ्यायचे तेव्हा दुपटीहून मोठा आणि पैसे द्यायचे तेव्हा निम्म्याहून लहान. दोन्ही गणितं आपापल्या जागी बरोबर आहेत, हेच त्यातलं विष आहे. वहीवर कोणी चूक दाखवू शकत नाही.

मिस्त्रींनी फळ्यांच्या रुंदीवरून आणि बुंध्यांच्या घेरावरून अंदाज काढला तेव्हा एकतीस ओंडके पाव घेराने १६० घनफुटांच्या आसपास निघाले. म्हणजे कापणी १७,६०० रुपये. पाच ओंडके मधल्या घेराने साडेचौतीस घनफूट, त्याच्याच भावाने ३७,९५०. त्याने मला २०,३५० द्यायला हवे होते. मी त्याला ३,३०० दिले. फरक २३,६५० रुपयांचा, आणि यात भाव त्यानेच ठरवलेला धरला आहे. बुंध्याच्या चांगल्या सागाला जास्त भाव मिळाला असता हे मी नंतर बाजारात विचारून आलो.

फोन केला तर पहिल्यांदा उचलला, "बघतो" म्हणाला, मग बंद. लेखी काहीच नव्हतं. पोलिसांकडे गेलो तर त्यांनी विचारलं, करार कुठे आहे? मग वनखात्याच्या कार्यालयात गेलो आणि तिथे दुसरीच भीती समोर आली. आरा गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या, जंगल राखण्याबद्दलच्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून तर हे नियंत्रण फार कडक झालं आहे. माझ्या शेतात चार दिवस चाललेल्या मशीनचा परवाना मी बघितला नव्हता. पाच ओंडके ट्रॅक्टरवर गेले, त्यांचा वाहतूक पास नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे हिशोबाच्या दिवशी त्याने "रस्त्यात कोणी विचारलं तर दाखवायला" म्हणून माझ्या सातबाऱ्याची आणि तोडीच्या परवानगीची झेरॉक्स मागून घेतली होती. आम्ही जंगलाच्या काठावर राहतो. सातपुड्यातून उतरलेलं कोणतंही लाकूड त्या कागदावर माझ्या बांधावरचं म्हणून दाखवता येऊ शकतं. मी त्याच दिवशी झाडांची संख्या, ओंडक्यांचे नंबर आणि कागद कधी दिले ते लिहून अर्ज दिला आणि पोच घेतली. पैशाचं दुःख कमी झालं आहे, त्या झेरॉक्सची काळजी अजून रात्री जागं करते. कागदाची प्रत देताना त्यावर आडव्या रेघा मारून कशासाठी, कोणाला, किती तारखेला दिली ते लिहून सही करा, असं तिथल्या एका वनपालांनी सांगितलं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. "साग आहे, लगेच ठोका," असं तो जाताना म्हणाला होता, आणि आम्ही पूर्वेची भिंत ठोकलीसुद्धा. मार्चअखेर फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या, दोन फळ्या पिळवटून खिळ्यातून निसटल्या. ओलं लाकूड आकसतंच. एक इंच जाडीच्या फळीला सावलीत, हवेवर साधारण वर्षभर द्यावं लागतं. आपल्याकडच्या उन्हात तर जास्त जपावं लागतं, कारण एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो आणि फळीची टोकं आधी वाळून तडकतात. मिस्त्रींनी सगळी भिंत उतरवली. आता फळ्या गोठ्याच्या पडवीत विटांवर रचल्या आहेत, दर दोन फुटांवर मध्ये एक इंची पट्ट्या, टोकांना तेलरंग, वर दगडांचं वजन. खाली उधई लागू नये म्हणून विटांभोवतीची माती खणून टाकली. कापलेलं लाकूड ८८ घनफूट भरलं, हे मात्र आम्ही स्वतः मोजलं, प्रत्येक फळीची रुंदी, जाडी, लांबी घेऊन. आप्पा रोज संध्याकाळी तिथे खाट टाकून बसतात. घराचं काम पुढच्या दिवाळीनंतर.

गेल्या महिन्यात तोच माणूस अनेर नदीच्या बाजूला एका गावात आल्याचं कळलं. माझ्या मावसभावाचे कडुनिंबाचे नऊ ओंडके तिथे पडले होते, बोलणी झालेली होती. मी सकाळी लवकर गेलो. प्रत्येक ओंडक्याची लांबी मोजून बरोबर मध्यावर खडूने गोल रेघ मारली, तिथला घेर लाकडावरच ठळक लिहिला, वहीत उतरवला, आणि मावसभावाने कागदावर एकच ओळ लिहून ठेवली: मोजणी याच रेघेवर, पाव घेराने, कापायला आणि विकायलाही. दहा वाजता ट्रॉली आली. त्याने मला ओळखलं. ओंडक्यांवरचे आकडे वाचले, कागद वाचला, इंजिनात काहीतरी बिघाड आहे म्हणाला आणि ट्रॉली वळवून निघून गेला.