गिअर सेटचे पैसे घेतले, साधं सीलसुद्धा बदललं नाही

नाशकात ओबीएम मशीनचा गिअरबॉक्स उघडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गोदेला पूर आला की अग्निशमनवाल्यांच्या रबरी बोटींना मागे लावलेलं दिसतं, तेच हे इंजिन. गिऱ्हाइकाला त्यातलं कळत नाही, दुसरीकडे दाखवायला माणूस सापडत नाही आणि ‘पार्ट मुंबईहून येतो’ म्हटलं की किमतीवर बोलायची सोय उरत नाही. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने याच जोरावर माझ्याकडून ३१ हजार रुपये काढले.

इगतपुरीच्या बाजूला धरणात आमचे मासळीचे पिंजरे आहेत. खाद्याची पोती रोज न्यायची तर इंजिन हवंच. पावसाळ्याआधी खालच्या गिअरबॉक्सचं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं आलं. आत पाणी शिरलं होतं, इथपर्यंत गॅरेजवाला खरं बोलला. पुढे म्हणाला, “दादा, गिअर सेट गेला. बेअरिंगपण गेलं. असंच चालवलं तर भर पाण्यात बंद पडाल.”

इंजिन परत मिळालं तेव्हा खालचा सगळा भाग काळ्या रंगात चकाचक. बिलावर हाताने लिहिलेलं: गिअर सेट, बेअरिंग, सील किट, मजुरी. पार्ट नंबर एकाचाही नाही. जुने गिअर मागितले तर म्हणे, भंगारवाला कालच घेऊन गेला.

श्रावण संपेपर्यंत ऑइल पुन्हा दुधाळ. फोन केला तर उत्तर तयार होतं: “तुम्ही खडकावर आपटलं असेल.”

मग ओळखीतून अंबडच्या एका वयस्कर फिटरकडे गेलो. तात्यांनी आधी एकही नट ढिला केला नाही. ऑइल काढून टाकलं, वरच्या स्क्रूच्या भोकात गेज लावलेला हातपंप जोडला, खालचा स्क्रू घट्ट केला आणि १० पीएसआयपर्यंत हवा भरली. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू दिला नाही, कारण दाब जास्त झाला की चांगलं सीलही उलटतं. मग साबणाचं पाणी मारलं आणि बोट ढकलणारा खालचा पंखा हाताने हळूहळू फिरवायला लावला. पंखा थांबलेला असताना काही नव्हतं, फिरवताच शाफ्टच्या मुळाशी बारीक बुडबुडे आणि गेजचा काटा खाली. पंखा काढला तर त्याच्यामागे शाफ्टला जाळ्याचा नायलॉन दोरा, म्हणजे तंगूस गुंडाळलेला, एवढा घट्ट की ब्लेडने कापावा लागला. धरणात जाळी टाकणारे बरेच. तुटलेला तंगूस पंख्यात गेला की सीलच्या ओठात रुततो आणि तिथूनच पाणी आत येतं. इंजिन तापून थंड व्हायला लागलं की आतला दाब उतरतो, तेव्हा तर पाणी ओढूनच घेतलं जातं.

खरी लबाडी पुढे दिसली. पंख्यामागचं हाउसिंग ज्या बोल्टांनी धरलेलं असतं, त्यांच्या डोक्यावरचा नवा रंग सलग होता. पान्याचा एक ओरखडा नाही. रंग खरवडला तर खाली जुना क्षार आणि गंज. आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, चपटी होऊन दगड झालेली. ते हाउसिंग बाहेर आल्याशिवाय आतले गिअर निघूच शकत नाहीत. म्हणजे ते उघडलंच नव्हतं. वरच्या पाणीपंपाचं रबरी इम्पेलरही जुनंच, पाती एका बाजूला वाकून बसलेली. गिअर सेट म्हणून ३१ हजारांत मला ताजं ऑइल आणि स्प्रे पेंट मिळाला. शिवाय गिअरचे दात चांगले होते. बदलायची गरजच नव्हती.

तात्यांनी शाफ्टची दोन सील, ओ-रिंग, इम्पेलर आणि दोन्ही स्क्रूंचे वायसर बदलले. सीलची स्प्रिंग स्टेनलेसचीच हवी, साधी गंजते, हे त्यांनी दुकानदाराला फोनवर दोनदा बजावलं. पुन्हा हवा भरली, काटा हलला नाही. खर्च आधीच्या बिलाच्या पाव हिश्शालाही पोहोचला नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी जुनी इंजिनं घ्यायच्या गोष्टी कानावर येताहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या: पंख्याच्या शाफ्टचं सील, पाणीपंपाखालचं उभ्या शाफ्टचं सील, गिअर टाकायच्या दांडीचं सील, हाउसिंगची ओ-रिंग आणि ऑइलच्या स्क्रूंचे वायसर. वायसर तर किरकोळ किमतीचा, पण तोच जुना बसवला की ऑइल दुधाळ होतं आणि कोणीतरी तुम्हाला गिअर सेट विकतं. ऑइल तुमच्यासमोर काढायला लावा, गॅरेजवाल्याने आधीच काढून ठेवलेला ट्रे बघू नका. नुकत्याच चालवलेल्या इंजिनातलं ऑइल फेसामुळेही फिकट दिसतं. ते बाटलीत रात्रभर ठेवा. फेस असेल तर बसतो, पाणी मिसळलेलं दुधाळच राहतं किंवा तळाशी पाणी साचतं. इंजिन रात्रभर उभं ठेवून सकाळी खालचा स्क्रू जरा ढिला केला तर बऱ्याचदा आधी पाणीच टपकतं. खालच्या स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप चालतो, टोकदार कण दिसले तरच गिअरची काळजी करा. आणि ‘हवा भरून दाखव’ म्हटल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे इंजिन सोडू नका.

माझ्या बाबतीत, तात्या उघडत असतानाचे फोटो, जुनी सील आणि ते बिल घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोललो. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. धंद्याचं इंजिन म्हणून तक्रार उडवून लावतात असं गॅरेजवाला मला ऐकवत होता. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वापर असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. नोटीस गेल्यावर त्याने मध्यस्थाकडून निरोप पाठवला, पाच हजार घ्या आणि विषय मिटवा. घेतले नाहीत. तक्रार दाखल केली आहे आणि जुनी सील पिशवीत तशीच ठेवली आहेत.