वैद्य साहेबांचं १९६५ भारी की १९७१?

जनरल अरुण श्रीधर वैद्य यांना महावीर चक्र दोनदा मिळालं, १९६५ आणि १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धांत, आणि त्यातलं मोठं कुठलं असं कुणी विचारलं की बहुतेक जण पटकन १९६५ म्हणतात. कारणही आहे, पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत ते लेफ्टनंट कर्नल होते, डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सीओ (कमांडिंग ऑफिसर), हाताशी जुने शर्मन रणगाडे आणि समोर पाकिस्तानचे त्याहून आधुनिक पॅटन रणगाडे. पाणी सोडलेल्या शेतांत पॅटन चिखलात रुतले आणि उसाच्या आडून आपल्या गनर्सनी ते टिपले. ऐकतानाच छाती फुगते!

पण मला विचाराल तर १९७१. तेव्हा ते ब्रिगेडियर, १६ आर्मर्ड (रणगाड्यांची) ब्रिगेड त्यांच्याकडे, पाकिस्तानातल्या शकरगढ भागात. असल उत्तरला शत्रू आपल्याकडे चालून आला होता, इथे मात्र आपल्याला पुढे घुसायचं होतं आणि वाटेत बसंतर नदी, सुरुंग पेरलेली जमीन. १५ डिसेंबरच्या रात्री सुरुंगातली वाट पूर्ण साफ व्हायच्या आधीच या ब्रिगेडमधल्या पूना हॉर्स रेजिमेंटचे रणगाडे अंधारात पुढे निघाले, एक चाकोरी चुकली की संपलं. दुसऱ्या दिवशी याच ब्रिगेडचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल २१ व्या वर्षी शहीद झाले. अशी पोरं पुढे पाठवायचा निर्णय घेणं मला स्वतः लढण्याहून जड वाटतं.