सुया पाठीवर, डाव सिरिंजमध्ये: 24,400 रुपये गेले, गाभण गायही गाभडली

तीन गायींच्या नोंदणीचे 1,500, ‘अ‍ॅक्युपंक्चर कोर्स’चे गायीमागे 4,800 म्हणजे 14,400, आणि घरी लावायच्या यंत्राचे 8,500. एकूण 24,400 रुपये, सगळे फोनवरून, कुणा बाईच्या नावाच्या खात्यावर. पावती नाही. सुया टोचून गाय माजावर आणतो म्हणणारा हा इसम अजून दूध संकलन केंद्रांवर ओळखी काढत फिरतोय, म्हणून लिहितोय. हसायचं त्यांनी हसा, पण गोठ्यात वरचेवर उलटणारी, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणारी गाय असेल तर आधी वाचा.

त्याचं बोलणं चोख. “डॉक्टरांचं औषध बंद करू नका, त्याच्या जोडीला सुया.” औषध सोडा म्हणणारा भोंदू लगेच ओळखू येतो, हा तसं म्हणतच नाही. त्यात जनावरांचं अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे थोतांड नाही. रीतसर शिकलेले पशुवैद्यक ते करतात, त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था 1974 सालापासून आहे. कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधल्या खळग्यात ‘बाय हुई’ नावाचा बिंदू असतो. यानं सुई बरोबर तिथंच घातली. तीन-तीन वेळा भरवूनही न ठरलेली गाय रोज पेंड खात उभी असते, तेव्हा अशा माणसाला कोण हाकलून देईल?

खरा खेळ सुयांनंतरचा. “आता याच बिंदूवर बी-12 जीवनसत्त्व सोडतो” म्हणत तो 2 मिली इंजेक्शन देतो. बिंदूवर बी-12 टोचायची पद्धत खरोखरच आहे, म्हणून संशय येत नाही. पण बी-12 लाल असतं हो! कुठल्याही मेडिकलमधली बाटली उजेडात धरून बघा. याच्या सिरिंजमधलं औषध पाण्यासारखं पांढरंस्वच्छ होतं. समोर, हातभर अंतरावर, भर दुपारी. त्या एका रंगावर 24,400 रुपये वाचले असते, हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

उकिरड्यात रिकामी बाटली सापडली. लेबल खरवडलेलं, तरी ‘क्लोप्रोस्टेनॉल’ एवढं वाचता येत होतं. म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, गायीला माजावर आणणारं संप्रेरक. बीजकोषावर पीतपिंड (माजानंतर तिथं तयार होणारी गाठ) तयार असेल तर ते विरघळतं आणि गाय साधारण 2 ते 5 दिवसांत माजावर येते. म्हणूनच तो आल्या आल्या विचारतो, “मागचा माज कधी झाला?” माजानंतर 5 दिवसांच्या आत हे औषध चालत नाही, आठ-दहा दिवस झालेली गायच तो निवडतो. हमीही माजाची देतो, गाभण राहण्याची नाही! माज आला की सुयांचा गुण, गाय ठरली नाही की “अजून एक कोर्स घ्या”.

तिसऱ्या गायीला आधीच अडीच महिन्यांचा गाभ होता. गाभण गायही कधीकधी माज दाखवते, त्यामुळे ती उलटली असं वाटत होतं. हात घालून किंवा सोनोग्राफीनं तपासल्याशिवाय हे औषध द्यायचंच नसतं. यानं तपासलं नाही. “सुयांना तपासणी लागत नाही” म्हणाला. गाय गाभडली, वार अडकली, डॉक्टर आणि औषधांचे वेगळेच 2,350 गेले. आणि हे औषध कातडीतूनही शरीरात जातं. गरोदर बाईनं ते हातातसुद्धा धरू नये. यानं भरलेली सिरिंज घरातल्या बायकांच्या हातात धरायला दिली होती.

8,500 चं यंत्र माणसांच्या फिजिओथेरपीचं निघालं. चिकट पट्ट्या गायीच्या केसांवर टिकतच नाहीत, करंट कुठून जाणार? सुयाही तिन्ही गायींना त्याच, फक्त फडक्यानं पुसलेल्या. रक्ताळलेल्या सुईतून अ‍ॅनाप्लाझ्मा हा रक्तातला रोगजंतू एका जनावराचा दुसऱ्याला जातो. पाकीट समोर फोडलं नाही तर सुई लावू देऊ नका.

आता साहेब लोकांचं ऐका. दवाखान्यात म्हणाले, तो डॉक्टरच नाही तर आम्ही काय करणार, पोलिसांत जा. पोलीस म्हणाले, गाय मेली का? नाही ना? मग हा व्यवहाराचा वाद, पशुसंवर्धनकडे जा. तिथून वरच्या कार्यालयात धाडलं. तिथलं उत्तर, आम्ही नोंदणी असलेल्या डॉक्टरांवरच कारवाई करतो. म्हणजे नोंदणी नसणं हेच त्याचं संरक्षण! भारतीय पशुचिकित्सा परिषद अधिनियम, 1984 चं कलम 30 सांगतं की पशुवैद्यकीचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचा. ते कलम छापून नेलं, तर साहेबांनी त्यावरच चहाचा कप ठेवला. उलट विचारतात, “तुम्ही शिकलेले, पावती का नाही घेतली?”

नोंदणी क्रमांक मागा. फोटो आणि बिल्ला म्हणजे नोंदणी नव्हे. बाटली आपल्या हातात घेऊन नाव वाचा आणि रिकामी झाली की आपल्याकडेच ठेवा. उलटणारी गाय आधी गाभण तपासा, मग सोट, म्हणजे माजात गळणारा चिकट स्राव, बघा. तो काचेसारखा स्वच्छ नसेल, पू दिसत असेल, तर गर्भाशयाचा दाह आहे. तिथं सुई कामाची नाही, औषधच लागतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा. विताच आडव्या पडलेल्या, कान गार झालेल्या गायीजवळ तर सुयावाल्याला फिरकू देऊ नका. तिला शिरेतून, सावकाश, कॅल्शियम लागतं आणि तेही तातडीनं.

याच माणसानं ज्यांना गाठलं, त्यांनी पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, गाय गाभडल्याची तारीख आणि डॉक्टरांचा तपासणी कागद जोडून आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी तक्रार तिथल्या तिथं जिरवतात.