बी.एड.ची फाइल आणि अमळनेरचं टायपिंग-बाइंडिंगचं दुकान

नोकरी सांभाळून बी.एड. करणाऱ्या आम्हा झेडपीच्या शिक्षकांना कृतिसंशोधनाचा अहवाल हा मोठाच घोर असतो. आधी मी दुसऱ्या एका गावात विचारलं होतं. तिथे मला सरळ तयार फाइल दाखवली, "मॅडम, फक्त नाव आणि शाळा बदलू." मला फार वाईट वाटलं. कृतिसंशोधन म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण शिक्षकाने आपणच तपासावी, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरे यांनी 1953 साली आग्रहाने मांडलं. दुसऱ्याच्या वर्गाचे आकडे माझ्या शाळेच्या नावावर कसे चालतील?

म्हणून अमळनेरला गेले. स्टँडपासून चालत जाता येतं, दुकान एका खोलीचं, दोन कॉम्प्युटर. टायपिंग करणारे भाऊ साठीच्या घरातले.

माझा विषय तिसरीच्या मुलांचं लेखन. घरी अहिराणी, त्यामुळे वहीत "माले भूक लागनी" असं येतं. ते चूक म्हणून खोडायचं नाही, तर 'आंडोर – मुलगा', 'माले – मला' अशा जोड्यांची कार्डं करून सहा आठवडे सराव घ्यायचा, हा माझा उपक्रम. पूर्वचाचणीची सरासरी 20 पैकी 9, उत्तरचाचणीची 12. मी खुशीत होते.

तक्ता टाइप करता करता भाऊ थांबले. "ताई, दोन पोरे कोठे गयात?"

पूर्वचाचणीला 23 नावं, उत्तरचाचणीला 21. दोघं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले होते. त्यांना पूर्वचाचणीत 2 आणि 1 गुण होते. म्हणजे सगळ्यात मागची दोन मुलं गेली आणि सरासरी आपोआप वर चढली! त्याच 21 जणांची पूर्वचाचणी काढली तर 9.71 आली. वाढ तीनची नव्हती, सव्वादोनची होती. हे माझ्या मार्गदर्शकांच्या नजरेतून सुटलं होतं, माझ्याही. घरी येऊन प्रकरण चौथं पुन्हा लिहिलं, मर्यादांमध्ये स्थलांतराचा परिच्छेद घातला. तोंडी परीक्षेत त्याच परिच्छेदावर सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं.

बाइंडिंग मजबूत, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं सरळ रेषेत. दर इतरांसारखेच.

दोन तक्रारी आहेत. टायपिंग श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये करतात, तो माझ्या लॅपटॉपवर नाही, त्यामुळे फाइल उघडली तर 'निष्कर्ष'चा पार चुरा. युनिकोडमध्येच करा असं आधीच सांगा आणि पीडीएफही मागून घ्या. शिवाय सबमिशनच्या आठवड्यात अजिबात जाऊ नका, दोन दिवस म्हणतात आणि पाच लागतात.

गेलेल्या दोघांच्या उत्तरपत्रिका टाकायला मन होईना. त्या कुठे लावू, असं भाऊंना विचारलं. त्यांनी खाकी पाकीट आणलं, मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं आणि त्यावर 'परिशिष्ट इ' लिहून दिलं.