धुरीचा लापसांग की बिनधुरीचा? आयुर्वेद पाळणाऱ्याने चहा निवडताना

दूध-साखरेचा उकळलेला चहा कमी करायचा, पण सकाळचा पेला मात्र सोडवत नाही, अशा अवस्थेत आयुर्वेदानुसार दिनचर्या पाळू पाहणारी बरीच मंडळी चीनच्या काळ्या चहाकडे वळतात आणि तिथे त्यांच्यापुढे दोन वाटा येतात. एक पाइनच्या धुरात वाळवलेला लापसांग सूचोंग आणि दुसरा त्याच डोंगरातला, त्याच जातीच्या झुडपांचा, पण धुरी न दिलेला चहा. मी दोन्ही चहा सुमारे दीड वर्ष आलटूनपालटून घेतले आणि शेवटी त्यांतल्या एकावर स्थिरावलो. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असल्यामुळे माझा निर्णय सर्वांना लागू पडेलच असे मी म्हणणार नाही, तरीही तो कसा झाला हे सांगणे निवड करणाऱ्याला उपयोगी पडेल असे वाटते.

दोन्ही चहांचे मूळ फुजियान प्रांतातल्या वूयी पर्वतात, तुंगमू या गावाच्या परिसरात आहे. सूचोंग म्हणजे 'लहान जात', म्हणजेच तिथली बारीक पानांची स्थानिक झुडपे. पारंपरिक पद्धतीत लाकडी, अनेक मजली धूरघरात तळाशी पाइनची लाकडे जाळतात, वरच्या मजल्यांवर ताजी पाने कोमेजवतात आणि वळून लाल झालेली पाने पुन्हा खालच्या मजल्यावर धुरात वाळवतात. म्हणजे खऱ्या लापसांगमध्ये धूर शेवटी वरून लावलेला नसतो, तो पान तयार होतानाच त्यात मुरत जातो. बिनधुरीचा चहा याच पद्धतीने, पण आगीऐवजी साध्या उष्ण हवेवर करतात. २००५ मध्ये याच गावात केवळ कळ्यांपासून चिन च्युन मेई हा महागडा चहा तयार झाला आणि त्यानंतर बिनधुरीच्या प्रकारांना चीनमध्येच मोठी मागणी आली.

आता आयुर्वेदाचे पाहू. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांमध्ये चहा नाही, त्यामुळे 'आयुर्वेदिक चहा' म्हणून लापसांग विकणाऱ्याला ग्रंथाचा थेट आधार नसतो. आपल्याला रस आणि गुण यांवरूनच अंदाज बांधावा लागतो. काळा चहा कषाय (तुरट) आणि थोडा तिक्त (कडू) आहे. कषाय रसाच्या अतिसेवनाने तोंड कोरडे पडते, पोट फुगते आणि हृदयाला पीडा होते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. वातप्रधान माणसाने कुठलाही काळा चहा जपूनच घ्यावा, हे येथवर दोन्ही चहांना सारखेच लागू होते.

फरक धुरामुळे पडतो आणि इथेच एक मोठा गैरसमज आढळतो. चरकांनी दिनचर्येत धूमपान सांगितले आहे, म्हणून धुराचा चहाही कफ कमी करणारा असणार, असे काहीजण मानतात. परंतु ते धूमपान म्हणजे यवाच्या (जवाच्या दाण्याच्या) आकाराची, आठ अंगुळे लांब औषधी वर्ती (कांडी) करून तिचा धूर विशिष्ट वेळी, विशिष्ट रीतीने ओढून तोंडावाटे सोडण्याचा विधी आहे. धुरात वाळवलेले पान पाण्यात उतरवून पिणे ही वेगळी क्रिया आहे आणि एकीचे फळ दुसरीला जोडता येत नाही. त्या वर्तीच्या द्रव्यांत श्रीवेष्टक, म्हणजे सरल वृक्षाचा डिंक, आहे हे खरे. सरल म्हणजे आपला हिमालयातला चीड, तुंगमूच्या पाइनचा जवळचा भाऊबंद. हा दुवा मला सुरुवातीला फार मोलाचा वाटला होता आणि धुरीच्या चहाकडे मी ओढला गेलो तो बराचसा त्यामुळेच.

पहिला पावसाळा मी धुरीचा लापसांग घेऊन काढला. ओलसर, गारठलेल्या सकाळी त्याचा वास घरभर पसरला की मन प्रसन्न होई आणि जड जेवणानंतर अर्धा पेला घेतला तर बरे वाटे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दुसरे पाकीट मी वेगळ्या दुकानातून आणले. नाव तेच, वर्णनही तेच, पण चव मात्र निराळी निघाली. पहिल्या चहात धुरामागून लोंगन या लिचीसारख्या फळाचा गोडवा जाणवत असे. दुसऱ्यात धुराशिवाय काहीच नव्हते, तो घशात तासभर रेंगाळत राही आणि पेला तीनदा घासला तरी वास जात नसे. दुकानदाराला विचारले तेव्हा धूर लाकडाचा आहे की धुराचा अर्क फवारला आहे, हे त्यालाही सांगता आले नाही.

याच सुमारास आमच्या वैद्यबाईंकडे नाडी दाखवायला गेलो असताना मी ते पाकीट सोबत नेले. त्यांनी पान हातावर घेऊन हुंगले आणि एवढेच विचारले, "हा धूर कशाचा, ते तुम्हाला माहीत आहे का?" मला उत्तर देता आले नाही. घरात बाळाला धुरी देताना निखाऱ्यावर ओवा टाकला की वावडिंग, हे आजीला नेमके ठाऊक असे. चरकांच्या वर्तीत तर एकेक द्रव्य नावानिशी मोजून दिले आहे. आयुर्वेद पाळतो म्हणायचे आणि रोज सकाळी अनोळखी लाकडाचा, किंवा लाकूडच नसलेल्या अर्काचा, धूर पोटात घ्यायचा, ही विसंगती मला तेव्हापासून सतत टोचत राहिली. चव, किंमत, सुगंध या साऱ्या बाबतीत मी तडजोड केली असती, पण द्रव्याची ओळखच पटत नाही ही अडचण मला ओलांडता आली नाही.

धुराविषयी बाहेरही काळजी घेतली जाते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये चहातल्या अँथ्राक्विनोन या आरोग्याला घातक मानल्या जाणाऱ्या रसायनाची मर्यादा किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम इतकी ठरवली. हा पदार्थ लाकूड जळतानाही तयार होतो, त्यामुळे पारंपरिक रीतीने धुरावलेला चहा त्या मर्यादेत बसवणे कठीण झाले. अधूनमधून एखादा पेला घेतल्याने काही बिघडेल असे मला म्हणायचे नाही, पण जी गोष्ट रोजच्या दिनचर्येत बसवायची तिच्याबाबत मी अधिक काटेकोर राहणे पसंत करतो.

बिनधुरीचा चहा निर्दोष आहे असेही नाही. तो महाग पडतो, इतर जिल्ह्यांतले पान तुंगमूच्या नावाने विकले जाते आणि तो इतका सौम्य असतो की दुसरा पेला कधी संपला ते कळत नाही, म्हणजे कषाय रसाचा अतिरेक याच्यामुळे अधिक सहज होतो. मी त्यासाठी दिवसाला एकच लहान चहादाणी असा नियम केला आहे. तेवढी मर्यादा पाळली तर माझ्या वातप्रधान प्रकृतीला तो मानवतो. धुरीच्या चहाने घशाला जो कोरडेपणा येई तो याच्याने येत नाही, आणि गोडवा पानातलाच असल्यामुळे साखरेची आठवण होत नाही. धुरीच्या चहात मात्र अनेकांना मध घालावासा वाटतो. चरकांनी मध उष्ण करून किंवा उष्ण पदार्थासोबत घेऊ नये असे स्पष्ट सांगितले असल्याने तो मोह टाळलेला बरा.

कफप्रधान प्रकृतीच्या आणि धुराचा वास मनापासून आवडणाऱ्या व्यक्तीने लापसांग सर्वस्वी सोडावा असे माझे म्हणणे नाही. त्यांनी थंडीत किंवा पावसाळ्यात, आठवड्यातून एखाद्या वेळी, जेवणानंतर अर्धा पेला घ्यावा आणि गाव, लाकूड व हंगाम सांगू शकणाऱ्या विक्रेत्याकडूनच पान आणावे. तरीही शंका उरली तर चहा गाळल्यावर ओली पाने रात्रभर उघड्या वाटीत ठेवावीत आणि सकाळी हुंगून पाहावीत. माझ्या पहिल्या पाकिटाच्या पानांना सकाळी पानाचा वास येत होता, दुसऱ्याच्या पानांना तेव्हाही फक्त धुराचाच.